कंपायलरचा बॅरियर कोठे अनावश्यक ठरतो?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आरसे स्थिर राखणाऱ्या सी भाषेतील आज्ञावलीविषयी मात्र क्वचितच. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत ही आज्ञावली लिनक्सच्या गाभ्यात, राखून ठेवलेल्या प्रोसेसरवर चालते. मुख्य संकेताचे सेकंदास १६,३८४ नमुने नोंदले जातात. या वेगाने एका फेरीस सुमारे ६१ मायक्रोसेकंद मिळतात.

अशा आज्ञावलीत प्रश्न येतो तो क्रमाचा. कंपायलर वेग साधण्यासाठी स्मृतीतील वाचन-लेखनाचा क्रम बदलतो, किंवा एकदा वाचलेले मूल्य रजिस्टरमध्येच ठेवतो. कंपायलरचा बॅरियर त्यास ही मोकळीक नाकारतो. प्रोसेसरला तो स्वतः कोणतीच सूचना देत नाही.

परंतु हा क्रम पुष्कळदा आधीच बांधलेला असतो. लिनक्समधील स्पिनलॉक घेण्यात व सोडण्यात बॅरियर अंतर्भूतच आहे. शेजारी दुसरा लिहिणे व्यर्थ होय. ज्याचा पत्ता बाहेर गेलेला नाही अशा स्थानिक चलास बॅरियरचा स्पर्शही होत नाही. दुसऱ्या फाइलमधील फलनास बोलावले असता ते सार्वत्रिक चले बदलील, असे कंपायलरला बहुधा गृहीत धरावे लागते, कारण त्या फलनाचे अंतरंग त्यास दिसत नाही. हा आधार मात्र कच्चा आहे: जोडणीच्या वेळी समग्र आज्ञावलीचे इष्टतमीकरण केल्यास तो पडदा दूर होतो.

जादा बॅरियर निरुपद्रवी असतो, हे मत आम्हांस मान्य नाही. आतल्या आवर्तनात तो मूल्ये पुनःपुन्हा स्मृतीतून आणावयास लावतो. शिवाय पुढील वाचकास नसलेला धोका दाखवितो.

खरी गफलत होते ती व्होलाटाइलविषयी. दोन व्होलाटाइल व्यवहारांचा परस्परक्रम कंपायलर बदलीत नाही, म्हणून त्यांच्यामध्ये बॅरियर नको. पण समजा, साध्या चलांच्या रांगेत नमुने लिहून मग 'तयार' हा व्होलाटाइल ध्वज उभारला. रांग व्होलाटाइल नसल्यामुळे ध्वज आधी व नमुने नंतर लिहिण्यास कंपायलर मोकळा राहतो, आणि वाचणारा मागील फेरीचे नमुने नवे समजून घेतो. येथे बॅरियर अनिवार्य आहे. एक्स८६ प्रोसेसर साधी लेखने क्रमानेच इतरांस दाखवितो, म्हणून लिहिणाऱ्याचे तेवढ्याने भागते. एआरएमवर प्रोसेसरचाही बॅरियर लागतो. २०११ च्या सी प्रमाणकातील ॲटॉमिक ध्वज 'रिलीज' क्रमाने लिहिला व 'अक्वायर' क्रमाने वाचला, तर दोन्ही कामे त्यातच होतात, आणि कंपायलरचा वेगळा बॅरियर उरत नाही.