पॅराथायरॉइड : सुई कधी, कशी?

वारंवार मुतखडे होणाऱ्या, हाडे ठणकणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम मी आवर्जून तपासून घेतो. ते वाढलेले असल्यास दोष पॅराथायरॉइडचा असू शकतो. थायरॉइडच्या मागे बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी असतात.

निदान कॅल्शियम व पॅराथायरॉइड हार्मोनच्या रक्ततपासणीवरून होते. वाढलेली ग्रंथी सोनोग्राफी व स्कॅनने शोधतात. तरीही गाठ कशाची हे कळले नाही, तरच क्वचित सुईची तपासणी करतात.

खांद्याखाली उशी देऊन रुग्णाला उताणे निजवतात. सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने गाठीतील पेशी ओढून घेतात. त्या वेळी बोलू वा गिळू नये. नुसत्या पेशी पाहून थायरॉइडशी गल्लत होऊ शकते, म्हणून सुई धुतलेल्या द्रवातही हार्मोन मोजतात.

"तुकडा काढून तपासाच," असा आग्रह नातेवाईक माझ्याकडे धरतात. तो धरू नये. गाठ कर्करोगाची असल्यास सुईच्या वाटेने पेशी पसरण्याची भीती असते. व्रणामुळे पुढची शस्त्रक्रियाही अवघड होऊ शकते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. तपासणीनंतर मान सुजली वा श्वास अडखळला, तर त्वरित रुग्णालय गाठावे.