साठ मीटरांची भिंत

दिवाळीच्या दिवसांत आपण घरभर दिवे लावतो. पणत्या तेलाच्या असल्या, तरी आकाशकंदिलातला आणि गच्चीवरच्या माळांतला उजेड विजेचा असतो. आणि आपल्या देशात विजेच्या मागे आजही बहुतेक ठिकाणी कोळसा उभा असतो. मी नागपूरचा. कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूर ही खाणींची नावे आमच्या रोजच्या बोलण्यातली. पण कोळसा खणणारा माणूस जमिनीच्या पोटात कोणाच्या भरवशावर उतरतो, हा प्रश्न माझ्या मनात घातला तो एका जुन्या विद्यार्थ्याने.

वर्षभर माझ्याकडे मराठी शिकून तो पुढे खाणींच्या मोजणीच्या कामाला लागला. मध्यंतरी घरी आला, तेव्हा मी सहज विचारले, “काय रे, खाणीत सर्वांत जास्त भीती कशाची? छप्पर कोसळण्याची की वायूच्या भडक्याची?”

“सर, भीती दोन्हींची आहेच,” तो म्हणाला, “पण माझी झोप उडवतं ते पाणी. शेजारच्या बंद खाणीतलं पाणी. ते डोळ्यांना दिसत नाही. असतं ते फक्त नकाशावर.”

गोष्ट अशी आहे. कोळसा काढून झालेली खाण माणसे सोडून जातात, पंप थांबतात आणि पावसाळ्यामागून पावसाळा तिच्यात पाणी साचत राहते. पुढे शेजारी किंवा खाली नवे काम सुरू होते. मधे राखलेली कोळशाची भिंत हाच काय तो बांध. ती किती जाड आहे हे जुन्या नकाशावरून ठरवायचे. नकाशात चूक असेल, किंवा मधल्या काळात कुणी गुपचूप चार हात जास्त खणले असेल, तर सुरुंगाच्या एका बाराने तळेच्या तळे माणसांवर येते.

यासाठीच सरकारी देखरेख आहे. आपल्याकडे खाणींचा पहिला कायदा १९०१ साली झाला. १९०२ मध्ये खाण-निरीक्षणाची कचेरी कलकत्त्यास उघडली व १९०८ मध्ये ती धनबादला गेली. खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणतात ते हेच. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आणि १९५७ चे कोळसा खाण विनियम आले. त्या विनियमांत स्पष्ट लिहिले होते, की पाणी नसल्याची खात्री न झालेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरांच्या आत यायचे असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. आणि पुढे सरकताना आधी लांब भोके पाडून पलीकडे काय आहे याची चाचपणी करावी. आंधळ्याने काठी टेकीत चालावे, तशीच ही रीत.

आता या नियमाच्या अलीकडचा आणि पलीकडचा इतिहास पाहा. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. तो भाग तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी आमचे नागपूर होते. त्यानंतर १९५७ चे विनियम आले. तरीही २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे जुन्या कामातले पाणी भिंत फोडून खाली आले आणि ३७५ कामगार बुडाले. पाणी उपसायला परदेशांतून पंप आणावे लागले. बाहेर काढलेल्या देहांची ओळख टोपीवरच्या दिव्याच्या क्रमांकावरून पटवण्याची पाळी आली. नियम होता, कचेरी होती, निरीक्षक होते. पण भिंत टिकली नाही.

१३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत पुन्हा तेच झाले. ७१ माणसे आत अडकली. सहा बुडाली, पण ६५ जण वाचले. वरून एक भोक पाडून त्यातून लोखंडी पिंजरा सोडला. जसवंतसिंग गिल नावाचा अभियंता स्वतः त्यात बसून खाली उतरला आणि एकेकाला वर पाठवीत राहिला. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, तो आपण पाहिला आणि डोळे पुसले. पण ते भोक नेमक्या जागी पडले पाहिजे, म्हणजे खालच्या वाटा कुठे आहेत हे वर ठाऊक पाहिजे. मारणारा नकाशा तसा तारणाराही नकाशाच.

आणि जिथे नकाशाच नसतो? मेघालयातल्या उंदराच्या बिळासारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे अशाच एका खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. पण खालची बिळे कुठून कुठे जातात हे सांगणारा कागद नव्हता. महिन्याभराने हाती लागले ते देह. धनबादच्या व्यवस्थेत कितीही उणिवा असोत, ती मुळीच नसेल तर काय होते ते तिथे दिसले.

माझा विद्यार्थी सांगत होता, “सर, आमच्याकडे संकटाची रंगीत तालीम असते. भोंगा वाजतो, कंबरेचं श्वसनयंत्र तोंडाला लावून ठरलेल्या वाटेनं बाहेर यायचं, मग डोकी मोजायची. कुणी मन लावून करतात, कुणी हसत हसत.” रंगीत तालीम हा शब्द आपण नाटकवाल्यांकडून घेतला. फरक एवढाच, की नाटकाची तालीम प्रयोगासाठी करतात आणि ही तालीम, प्रयोग कधी होऊ नये अशी प्रार्थना करीत.

खरी अडचण हसण्याच्या जागीच आहे. देशभर पसरलेल्या खाणी आणि हाताच्या बोटांवर वाटून घ्यावेत इतके निरीक्षक. निरीक्षक येतो, वह्या चाळतो, सही करतो आणि जातो. भिंत मात्र रोजच्या पाळीत सरकत असते. म्हणून कायद्याने कामगारांच्या वतीने पाहणी करणारा निरीक्षक आणि खाणीची सुरक्षा समिती यांनाही जागा दिली. खाली उतरणाऱ्याचा डोळा हा सर्वांत जवळचा डोळा. त्याने “इथं कोळसा ओला लागतोय” असे म्हटले, तर ते त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे आणि काम थांबले पाहिजे. पाळीचा आकडा चुकतो म्हणून त्याला गप्प बसवले, तर धनबादची सही काही कामाची नाही.

अपघात झाला की आपण वर्तमानपत्रात दोन आकडे शोधतो: किती गेले आणि भरपाई किती. यापुढे तिसरा प्रश्न विचारू या, आणि तो अपघाताची वाट न पाहता: त्या खाणीच्या शेजारचे जुने पाणी शेवटचे कधी मोजले होते, आणि मोजणाऱ्याचे कुणी ऐकले होते का? आपल्या प्रतिनिधींना, आपल्या वर्तमानपत्रांना हे विचारायला खाणीत उतरावे लागत नाही.