पॉप्लर : धारेची परीक्षा घेणारं लाकूड

लिओनार्दो दा विंचीची मोनालिसा कॅनव्हासवर नाही. ती आहे पॉप्लरच्या फळीवर, सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. त्या काळी इटलीतले चित्रकार बहुधा हेच लाकूड घेत. पाच शतकांत फळीला बाक आला, वरच्या कडेला चीर गेली, चित्र मात्र टिकलं. हॉलंडचे लाकडी जोडे आणि फ्रान्सच्या कॅमेम्बेर चीजच्या डब्याही पॉप्लरच्या. तरीही साग-शिसवीच्या कौतुकात वाढलेले आपण त्याला खोक्यांचं लाकूड म्हणून बाजूला सारतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

भारतात अमेरिकी जातीचा पॉप्लर पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि तराईत शेतकऱ्यांनी वाढवला. काड्यापेट्या बनवणाऱ्या विमकोनं त्याला मोठी चालना दिली; आपल्या अंबरनाथचा जुना कारखाना त्याच कंपनीचा. हिवाळ्यात झाड निष्पर्ण होतं, म्हणून खालचा गहू उन्हावाचून राहत नाही. सहा ते आठ वर्षांत खोड तोडून यमुनानगरच्या प्लायवुड कारखान्यांकडे जातं.

लेथवर कातकाम करणाऱ्याची खरी अडचण तंतूंची. पॉप्लरचं खोड कललं, की वरच्या अंगाला वेगळे तंतू तयार होतात. त्यांत सेल्युलोज भरपूर आणि ताठरपणा देणारं लिग्निन फार थोडं. बोथट हत्याराखाली ते कापले न जाता लवतात, मग पृष्ठभागावर लव उभी राहते. पॉलिश पेपर घासून ती जात नाही, उलट आणखी फुलते. यावर मुख्य उपाय : गोल पटाशीला ताजी धार लावायची, हत्यार तिरकं धरायचं, खरवडायचं नाही, कापायचं, शेवटचा हात अगदी पातळ. चपड्याचा पातळ थर दिला की उरलेली लव ताठ होते आणि पुढच्या घासणीत निघून जाते.

सागाचा रंग चढवायचा मोह टाळावा. पॉप्लर तो कुठे जास्त, कुठे कमी शोषतो आणि डाग पडतात. झाकणारा रंग मात्र त्यावर सुरेख बसतो. सावंतवाडीच्या खेळण्यांची परंपराही पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर आणि वर चढवलेल्या झळाळत्या रंगावर उभी राहिली. मऊ लाकडाची आपल्याला लाज वाटायचं कारणच नाही.

परदेशी दुकानांत पॉप्लर म्हणून हिरवट छटेचं जे लाकूड मिळतं, ते बहुधा ट्यूलिप झाडाचं असतं. ते सोनचाफ्याच्या कुळातलं, उजेडात तपकिरी होणारं.

अंगणातल्या बाकाला पॉप्लर वापरू नका, ओलाव्यात तो लवकर कुजतो. खेळणी, डब्या, रंगवायच्या वाट्या यांना जरूर वापरा. आणि लेथ शिकत असाल, तर पहिली वाटी सागाची नको, पॉप्लरची काता. धार कमी पडली, की हे लाकूड तिथल्या तिथे सांगतं.