नवख्या सोबत्याच्या दमानं

नव्या माणसाला घेऊन सायकल सहल आखायची असेल, तर नकाशा सगळ्यात शेवटी उघडावा. आधी त्या माणसाकडे नीट पाहावं. तो न थकता किती वेळ पॅडल मारतो, त्याला भीती कशाची वाटते आणि सायकल त्याच्या उंचीची आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की रस्ता निवडणं सोपं जातं.

आमच्या वहिनींनी शाळा सुटल्यानंतर सायकल चालवली नव्हती. माळशेजच्या बाजूला सायकलवर जायची इच्छा मात्र त्यांची स्वतःची. "भाऊजी, चढाचं काही वाटत नाही, पण मागून ट्रक आला की हात थरथरतात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. सगळी आखणी या एका वाक्याभोवती झाली.

मुक्काम ठरवला मढला. जुन्नर तालुक्यातलं हे गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि माळशेज घाट यांच्या मधे आहे. शेजारी पिंपळगाव जोगे धरणाचा फुगवटा. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशा कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. पुढे खुबी फाट्यावर महामार्ग सोडला की बंधाऱ्याच्या बाजूनं रस्ता खिरेश्वरला जातो. पाठीशी हरिश्चंद्रगडाची भिंत आणि समोर पाणी. जाऊन-येऊन साधारण तीस किलोमीटर. रस्ता लहान लहान चढउतारांचा आहे, खरा घाट कुठेच नाही. नवख्या माणसाला सोपं वाटेल आणि आयुष्यभर सांगावंसंही वाटेल, असं हे अंतर.

दोन्ही रात्री मुक्काम एकाच ठिकाणी ठेवला, कारण मग सायकलवर ओझं लादावं लागत नाही. पॅनिअर म्हणजे बाजूच्या पिशव्या लावलेली सायकल वळणावर आणि ब्रेकला वेगळी वागते, आणि हा धडा पहिल्या सहलीत नको. दादा गाडी घेऊन मढला थांबणार होता. घाटाकडे मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही, म्हणून फोनऐवजी वेळा ठरवल्या. अमुक वाजेपर्यंत आम्ही परतलो नाही, तर त्यानं गाडी काढून खुबी फाट्याकडे यायचं. अर्ध्यातून थांबता येईल हे माहीत असलं की नवखा माणूस निर्धास्त चालवतो.

हंगाम हिवाळ्याचा धरला. पावसाळ्यात माळशेज देखणा असतो, पण तेव्हा धुकं, निसरडा रस्ता, दरडींची भीती आणि शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी असते. ट्रकला बिचकणाऱ्या माणसाला त्या गर्दीत नेणं बरोबर नाही. निघण्याची वेळ बिबट्यानं ठरवली. जुन्नरचा पट्टा बिबट्यांसाठी ओळखला जातो, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. त्यामुळे पहाटेच्या अंधारात निघायचं नाही आणि सांजावल्यावर रस्त्यावर राहायचं नाही, हा नियम. ऊन अंगावर आल्यावर निघायचं आणि दुपारच्या आत परतायचं.

शनिवारी दुपारी मढला पोचल्यावर लांब कुठे गेलो नाही. अंगणात सायकल उभी करून सीट लावायला घेतली. वहिनी भिंतीला धरून सीटवर बसल्या, टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल सगळ्यात खाली नेलं. गुडघा वाकलेलाच राहिला, म्हणजे सीट खाली होती. एलन कीनं बोल्ट सैल केला, सीट बोटभर वर घेतली आणि पुन्हा पाहिलं. टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढाच बाक उरतो. "एवढी उंच?" त्या म्हणाल्या. गावाच्या आतल्या रस्त्यावर एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "मांड्या भरून येत नाहीत आता." नवख्यांचे दुखरे गुडघे पुष्कळदा सीटच्या उंचीतून येतात, दमातून नाही.

त्याच रस्त्यावर गिअरचा सराव केला. चढ लागल्यावर, पाय जड झाल्यावर गिअर टाकला की चेन कडकड करते आणि कधी उतरतेही. चढ समोर दिसला की पाय हलके फिरत असतानाच गिअर उतरवायचा. वहिनींनी एकाच चढावर हे पुन्हा पुन्हा केलं. चेनचा आवाज बंद झाला तेव्हा त्यांच्या खांद्यांतला ताणही उतरला.

रविवारी महामार्गाच्या टप्प्यात मी मागे राहिलो. बरेच अनुभवी सायकलस्वार पुढे निघतात आणि नवख्याला फरफटत नेतात. मागे राहिलं की वेग नवख्याच्या हातात राहतो, आणि ट्रकचा आवाज आधी आपल्या कानावर पडतो. "वहिनी, मागून मोठी गाडी आहे, सरळ चालवा," एवढं शांतपणे सांगायचं. दमाची परीक्षाही बोलण्यातूनच घ्यायची. पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता आलं तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की हळू. घड्याळात वेग बघायची गरजच पडत नाही.

तहान लागायच्या आधी पाणी आणि भूक लागायच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, हे आधीच ठरलं होतं. खुबी फाट्यावर चहा घेतला. पुढे गाड्यांचा आवाज मागे पडला तशा वहिनी पहिल्यांदा हँडलवरून नजर उचलून पाण्याकडे बघत चालवू लागल्या. खिरेश्वरच्या जुन्या नागेश्वर मंदिरात छतावरचं कोरीव काम आणि शेषशायी विष्णूचं शिल्प निवांत पाहिलं. टोलार खिंडीकडे जाणारी गडाची वाट तिथून दिसते, पण तिकडे वळायचं नाही हे घरीच ठरलेलं होतं. ताकद शिल्लक असतानाच परतायचं. दुपारी मढला मासवडी आणि भाकरी समोर आली, तेव्हा वहिनींनी विचारलं, "पुढच्या वेळी ओतूरच्या कपर्दिकेश्वरापर्यंत जाता येईल का?"

सहल जमली की नाही, याची कसोटी या प्रश्नात आहे. किती किलोमीटर झाले याला पहिल्या सहलीत फारसा अर्थ नाही. तुमच्या घरातही सायकलवर बसायची इच्छा मनात धरून बसलेलं कुणी असेल. त्यांना घेऊन निघा. त्यांना जमेल असं तुम्हाला वाटतं त्याच्या अर्धं अंतर ठेवा, सीट स्वतः लावून द्या आणि मागे राहा.