नळीखालच्या खुणा

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या शेतघराचा माळा आवरताना दुनळी बंदूक हाती लागते. चापावरच्या पट्टीवर ‘निकरबॉकर’ किंवा ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ असं ठसठशीत नाव असतं. वारसाला दोन प्रश्न पडतात : ही कोणी बनवली आणि हिचे किती येतील? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं मिळत नाही, आणि पहिल्याच्या शोधात सर्वांत जास्त दिशाभूल करतं ते कोरलेलं नावच.

‘निकरबॉकर’ नावाचा कारखाना शोधत बसलात तर तो सापडणार नाही. ही बंदूक कनेक्टिकटमधल्या नॉर्विच गावी, क्रेसेंट फायर आर्म्स कंपनीत बनली. न्यू यॉर्कचे व्यापारी एच. अँड डी. फॉल्सम या कंपनीचे मालक होते. लोखंडी सामानाचे घाऊक व्यापारी त्यांच्याकडे मागणी नोंदवत, सोबत हवं ते नाव कळवत. कारखाना तेच नाव ठोकून माल पाठवत असे. एकाच साच्यातली बंदूक अशी शंभराहून अधिक नावांनी विकली गेली. डाकेने येणाऱ्या सूचिपत्रांतून दहा डॉलरच्या आत दुनळी मिळू लागली, आणि ज्या शेतकऱ्याला पार्करसारखी नामांकित बंदूक परवडणं शक्य नव्हतं त्याच्या घरात सशाचं, बदकाचं मांस शिजू लागलं. या बंदुकांना ‘भंगार’ म्हणून उडवून लावणारे संग्राहक हा इतिहास विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ची गोष्ट वेगळी. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्‌स या प्रतिष्ठित घराण्याची आठवण व्हावी म्हणून बेल्जियममधल्या लिएजच्या स्वस्त बंदुकांवर हे नाव सर्रास घातलं जाई. लिएजमध्ये हा धंदा घराघरांत वाटलेला होता. व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातले लोहार नळ्या घडवत, दुसरं कोणी दस्ता कोरी, तिसरं कोणी नक्षी काढी; व्यापारी सगळं गोळा करून बंदूक जुळवून घेई. त्यामुळे ‘कर्ता कोण’ याला एका माणसाचं नाव हे उत्तर बहुधा नसतंच.

पण तिथं १६७२ पासून नळ्यांची चाचणी घेणारी संस्था होती, आणि तिचे शिक्के खोटं बोलत नाहीत. आधी काडतुसं नाहीत याची खात्री करायची. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या सोडवायच्या, तेलाच्या फडक्याने खालची बाजू हळूच पुसायची आणि भिंग लावायचं. लंबगोलात ईएलजी ही अक्षरं दिसली तर बंदूक लिएजची. लंबगोलावर मुकुट असेल तर चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची. नसेल तर त्याआधीची. ताऱ्याखालचं एकटं अक्षर परीक्षकाचं. इंग्रजीत ‘बेल्जियम’ असं लिहिलं असेल तर बहुधा १८९१ नंतरची अमेरिकेला धाडलेली बंदूक, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. १९२२ पासून तर वर्षाचं सांकेतिक अक्षरच मिळतं.

अनुक्रमांकावर मात्र फार विसंबू नये. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्याआधी स्वस्त शॉटगनवर तो नसणं नेहमीचंच होतं. उलट, सूचिपत्रांतून माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीच्या नंतरच्या काळातल्या ‘जे. सी. हिगिन्स’ बंदुकांवर कारखान्याचा संकेत असतो : ५८३ ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक म्हणजे हाय स्टँडर्ड कंपनीची बनावट.

आता किंमत. नळीवर लाटांसारखी दमास्कस नक्षी दिसली की घरचे हरखतात. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या या नळ्या स्वस्त बंदुकांनाही असत, आणि त्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजचं काडतूस घालून त्या उडवू नयेत. नळी फुटून डावा हात जायबंदी होऊ शकतो. नळी साध्या पोलादाची असली तरी जुनं काडतूसघर आजच्या ७० मिलिमीटर काडतुसापेक्षा आखूड असू शकतं. जाणकार बंदूक-कारागिराने मोजल्याशिवाय कुठलीच उडवू नये.

त्यामुळे अशा बहुतेक बंदुका शे-दोनशे डॉलरच्या आसपास जातात; घोडा तुटलेला, दस्ता चिरलेला असेल तर त्याहून कमी. दुरुस्तीचा खर्च सहज किमतीपेक्षा वर जातो. सर्वांत मोठं नुकसान करतो तो पॉलिश पेपर : गंजासोबत तो शिक्केही घासून टाकतो, आणि मग काहीच सिद्ध करता येत नाही.

कोरलेलं नाव निरुपयोगी आहे असंही नाही. ते कारखाना सांगत नाही, पण कधीकधी दुकान सांगतं. ‘ब्ल्यू ग्रास’ म्हणजे केंटकीतल्या लुईव्हिलचे घाऊक व्यापारी बेल्कनॅप. पणजोबांचं शेत त्याच भागात असेल, तर ती बंदूक कुठल्या बाजारातून घरात आली याचा माग तिथून काढता येतो. म्हणून बंदूक विकण्याआधी तिच्याबद्दल काय आठवतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं आणि ते सगळं एका कागदावर लिहून बंदुकीसोबत ठेवावं.