डोहाच्या तळाशी पडलेलं दान

पाण्याखाली गेलेलं पात्र किती वेळ दम धरू शकतं, याचा नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकात दोन ओळींत उरकलाय. पात्राच्या काटकपणाचा जो गुण असेल त्यात एक मिळवायचा, तितकी मिनिटं. गुण दोन असेल तर तीन मिनिटं. हाणामारीची एक फेरी सहा सेकंदांची धरतात, म्हणजे तीन मिनिटांत तीस फेऱ्या. इतकी लांब लढाई सहसा होतच नाही. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे चाललं तर पाण्याखाली कुणाचाही जीव घाबरा होत नाही. आणि जीव घाबरा व्हायचा नसेल तर पाण्याखाली उतरायचं कशाला?

म्हणून आमच्याकडे चिंचोके असतात. उतरण्याआधी प्रत्येकाला आपापल्या काटकपणाप्रमाणे मूठभर मोजून द्यायचे. पोहत पुढे सरकलं की एक चिंचोका परातीत. भाला मारला की एक. दगड हलवला की दोन. पाण्याखाली बोलायचं म्हणजे हवा सोडणं आलं, म्हणून एका वाक्याला एक. हा शेवटचा नियम लागू झाला की ओसरीवर एकदम शांतता पसरते. एरवी एकमेकांचं बोलणं तोडणारी पोरं खुणा करायला लागतात. हातातले चिंचोके चाचपतात, मोजतात, पुन्हा मोजतात. तीन उरले की माझ्याकडे बघतात. मी काही सांगत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापून बाजारात आणला. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेका पात्राच्या भूमिकेत. सूत्रधार जागा उभी करतो, समोर काय दिसतंय ते सांगतो, आणि विचारतो, ‘आता काय करता?’ जे करायचं ते जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडलेल्या दानावर पुढची गोष्ट ठरते. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. आमची ओसरी नारायणगावात आहे, टेबल म्हणजे टोमॅटोचे पालथे घातलेले क्रेट, आणि खेळाडू म्हणजे माझी भाची, तिच्या वर्गातली मुलं आणि गल्लीतली दोन मोठी पोरं. सगळे मला मावशीच म्हणतात.

भूमिकेत शिरून, न लिहिलेलं बोलणं बोलायचं, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. जुन्या वगात कलावंतांच्या हाती गोष्टीचा सांगाडा असायचा, संवाद उभ्या उभ्या सुचायचे. समोरच्यानं काय टाकलं त्यावर आपण काय उचलायचं, ही हजरजबाबी त्या फडांचा प्राण होती. आमच्यातला एक पोरगा पात्राच्या तोंडून बोलताना नकळत सोंगाड्याची लकब धरतो, आणि मी त्याला कधीच थांबवत नाही.

आता पाणी कुठलं घ्यायचं? विकत मिळणाऱ्या साहसकथांत पोवळ्यांचे महाल असतात, मत्स्यकन्या असतात, समुद्राचे राजे असतात. माझ्या खेळाडूंना समुद्र सहलीपुरता माहीत. पाणी मात्र त्यांना चहूबाजूंनी माहीत आहे. गावातून मीना वाहते. पलीकडे कुकडीवर येडगावचं धरण. कुकडी प्रकल्पातली बाकीची चार म्हणजे माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार यावर घरातल्या जेवणाच्या वेळा हलतात. अशा मुलांसमोर पोवळं ठेवलं तर ती ऐकून घेतील, पण त्यांना डोह द्यावा. डोहात उतरताना त्यांचे पाय आपोआप आखडतात.

प्रवेशद्वारही कुकडीनंच दिलं. खाली निघोजजवळ तिच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात सापडलेले गोटे खडकाच्या खोलग्यात गरगर फिरत राहिले, आणि वर्षानुवर्षं फिरून त्यांनी काळ्या बेसॉल्टला रांजणासारखी भोकं पाडली. तळाशी डोकावलं तर झिजून गुळगुळीत झालेले गोटे दिसतात. आमच्या खेळातल्या एका रांजणाला तळ नाही, एवढंच मी जोडलं. गोटा फिरत असेपर्यंत वाट उघडी असते. तो थांबला की बंद.

पाताळात उतरायचे संकेतही आपल्याकडे तयार आहेत आणि ते फार भक्कम आहेत. विष घालून गंगेत ढकललेला भीम थेट नागलोकात पोचतो, तिथे रसाची आठ कुंडं पितो आणि हजारो हत्तींचं बळ घेऊन वर येतो. उलूपी अर्जुनाला पाण्यात ओढून नेते. युद्धाच्या शेवटी दुर्योधन डोहाचं पाणी मंत्रानं थिजवून त्यात दडून बसतो, आणि पांडव काठावर उभं राहून त्याला टोचून बोलतात तेव्हा कुठे बाहेर येतो. सूत्रधाराच्या नजरेनं पाहिलं तर या तिन्ही गोष्टींत पाण्याखाली जाण्याची एक किंमत आहे आणि वर येण्याची एक अट आहे. पुस्तकातला पाण्याखाली श्वास घेण्याचा मंत्र यापुढे फिका पडतो. त्या एका मंत्रानं दहा जणांना चोवीस तास मोकळा श्वास मिळतो. मी तो मंत्र बाद केलाय.

लढाईचे नियम मात्र मी 2014च्या पाचव्या आवृत्तीतलेच ठेवले, कारण ते विचार करून केलेले आहेत. पोहण्याची उपजत देणगी नसलेल्यानं पाण्यात तलवार किंवा कुऱ्हाड फिरवली तर फासा दोनदा टाकायचा आणि कमी पडलेलं दान धरायचं. खंजीर, आखूड तलवार, भाला, बरची, त्रिशूळ यांना ही अडचण नाही. जे भोसकतं ते चालतं, जे हवेत फिरवून मारावं लागतं ते पाणी अडवतं. पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मीच. जाळंही नीट फेकता येतं. येडगावच्या पाण्यावर जाळी टाकणारी माणसं पाहिलेल्या पोरांनी हा नियम वाचल्याबरोबर कुऱ्हाडी घरी ठेवल्या.

बाकी सगळं खऱ्या पाण्याकडून शिकावं लागतं, आणि सूत्रधाराची खरी मेहनत तिथेच आहे. उजेडाचं बघा. उन्हाळ्यात निवळलेल्या पाण्यात जसजसं खोल जावं तसतसा तांबडा रंग आधी मावळतो. शेंदूर फासलेला दगड काळपट दिसतो. दिवा अगदी जवळ नेला की तोच दगड लालभडक होतो. पावसाळ्यात हा खेळच नाही. गढूळ पाण्यात आपलाच हात दिसत नाही, मग सगळा कारभार चाचपून. आवाजाचं आणखी वेगळं. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात 1500च्या आसपास. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच वेळी गाठतो, त्यामुळे ऐकू येतं पण कुठून ते कळत नाही. मी एकदा तळाशी घंटा वाजवली आणि सगळ्यांना डोळे मिटून दिशा दाखवायला सांगितली. प्रत्येकाचं बोट वेगळीकडे. मी म्हटलं, ‘आता याच दिशांनी पोहा.’ टोळी एका क्षणात फुटली.

हवेचा प्रश्न भाचीनं काढला. तिनं पात्राच्या सामानात पितळी घागर लिहिली होती. ‘पालथी धरून खाली नेली तर आत हवा राहील ना?’ राहील. पण दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि तीच हवा निम्म्या जागेत मावते. घागर अर्धी पाण्यानं भरते, श्वासही निम्मेच मिळतात. तिनं हिशेब केला, घागरीचे सहा चिंचोके मागितले, मी तीन दिले. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या एकानं मरळ माशाचा माग काढला. मरळीला वर येऊन हवा घ्यावीच लागते, हे त्याला घरी मासे आणताना कुणीतरी सांगितलं होतं. अंधाऱ्या कपारीत तो मरळीच्या मागे गेला आणि खडकाखाली अडकलेल्या हवेच्या खोलीत त्याचं डोकं वर निघालं. अशी खोली माझ्या नकाशात नव्हती. ती त्या क्षणी तिथे झाली, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

डोह म्हटला की आसरा आल्या. साती आसरांचं ठाणं विहिरीच्या कडेला, नदीच्या डोहाशी असतं. शेंदराचे सात दगड, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, ओटी. खेळाची पुस्तकं अशा शक्तींना राक्षसांच्या यादीत बसवतात, त्यांच्या जिवाचे आकडे देतात. 1980 साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकात भारतीय देवतांनाही असे आकडे लावले होते. मला ते मान्य नाही. ज्या घरातून मुलं खेळायला येतात त्या घरातल्या बायका अजून विहिरीवर ओटी भरतात. आमच्या डोहातल्या आसरांना आकडा नाही, त्यांच्याशी लढता येत नाही. त्या श्वास देतात. बदल्यात प्रत्येकाकडून एक खरी गोष्ट मागतात, पात्राच्या आयुष्यातली, आजवर टोळीतल्या कुणाला न सांगितलेली. पोरं इथे खूप वेळ घेतात. एकानं पात्राच्या तोंडून, धाकट्या भावाला बैलगाडीतून पाडलं होतं हे सांगितलं तेव्हा फासे हातात असूनही कुणी हलवले नाहीत.

सगळ्यात खोल आहे ते बुडालेलं गाव. हे मला रचावं लागलं नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. घोड नदीवरच्या त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत जीव देणारा हा तरुण याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात आणि माणसं बघायला जातात.

खेळातली टोळी अशाच एका गावाच्या वेशीशी पोचली त्या संध्याकाळी एका मुलाची आजी ओसरीच्या टोकाला वाती वळत बसली होती. तिचं माहेर धरणात गेलेलं. नातवानं विचारलं, ‘समोरच्या वाड्याचं दार आत उघडतं की बाहेर?’ प्रश्न चांगला होता. पाण्यानं फुगलेलं दार कुठल्या बाजूनं ढकलायचं यावर किती चिंचोके जातील ते ठरणार होतं. मी तोंड उघडण्याआधी आजी म्हणाली, ‘दारं कुठली रं तिथं? दारं, चौकटी, वासे, कौलं, समदं काढून नेलं आम्ही. नवं घर कशाचं बांधायचं मग?’

सगळे तिच्याकडे वळले. मग काय राहिलं, असं भाचीनं विचारलं. आजीनं वात बाजूला ठेवली. जोती राहिली. गोठ्यातली दगडी दावण राहिली. जमिनीत पुरलेलं उखळ राहिलं, ते कसं उपटणार? जातं नेलं. देव नेला, पण देवळाचे दगड राहिले. विहीर राहिली. विहिरीवरून उजवीकडं वळलं की चिंचेखाली पार, पाराच्या मागं आमचं घर, पाच पायऱ्या, तिसरी हलायची. नातू तिच्या बोलण्याबरोबर पोहत गेला. त्यानं एकेक चिंचोका परातीत टाकला आणि मी फासा मागितला नाही. तिसऱ्या पायरीशी तो थांबला आणि म्हणाला, ‘मी पाय ठेवतो. हलते का?’ मी आजीकडे पाहिलं. ‘हलती,’ ती म्हणाली.

त्या गावात मी खजिना ठेवला होता आणि राखणीला बुडून मेलेल्यांची भुतं. दोन्ही त्याच रात्री काढली. गाव बुडालं तेव्हा त्यात माणूस नव्हतं. माणसं सामान गाड्यांवर घालून आधीच निघाली होती. तिथे आता मरळ आहे, वाम आहे, दावणीच्या फटीत खेकडे आहेत. टोळीनं गावातून काही उचलायचं नाही, फक्त वाट पाहून यायची आणि काठावर जो विचारेल त्याला सांगायची, एवढंच काम ठेवलं. मुलांनी ते खजिन्यापेक्षा जास्त मन लावून केलं. विहिरीपासून पारापर्यंतचा नकाशा त्यांनी आजीकडून दोनदा तपासून घेतला. पाराची दिशा चुकली होती, ती खोडून नीट केली.

मुलांना घेऊन हा खेळ मांडणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, उतरण्याआधी प्रत्येक वेळी बजावा की हे पाणी क्रेटवर पसरलेल्या कागदातलं आहे. कालव्यात आणि धरणात दम धरून बघायला कुणी जायचं नाही. सुटलेल्या आवर्तनात सरळ भिंतींच्या कालव्यातून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दुसरी, तुमच्या घरात किंवा गल्लीत धरणात गेलेल्या गावातलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला मुलांच्या शेजारी बसवा. जोतं कुठे होतं, विहीर कुणीकडे, पायऱ्या किती, हे विचारून वहीत काढून घ्या, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला.