नक्षीदार दुनळी बंदूक : ‘अवस्था’ या शब्दाचे दोन अर्थ

प्रस्तावना : गोरेगावकरांना दुनळी बंदूक परिचित आहे ती बहुधा चित्रपटातील जमीनदाराच्या हातातली, आणि १९७७ साली येथे उभ्या राहिलेल्या चित्रनगरीत वापरली जाणारी अशी बंदूक बहुतेक वेळा नकलीच असते. खरी दुनळी प्रस्तुत लेखकास पाहावयास मिळाली ती याच उपनगरात, एका सहकाऱ्याच्या घरी. त्यांचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील खोत होते. परवाना वारसाने त्यांच्याकडे आलेला आहे. ‘हिची अवस्था कशी आहे?’ हा त्यांचा साधा प्रश्न या लेखाचे निमित्त होय.

बंदुकीच्या पोलादी पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही’ हे नाव कोरलेले आहे. या संस्थेचे मुंबईतील दुकान १८९१ मध्ये सुरू झाले. मात्र असे नाव अनेकदा विक्रेत्याचे असते, घडविणाऱ्याचे नव्हे. कारागिराचा माग काढावयाचा तर नळ्या दस्त्यापासून सोडवून त्यांची खालची बाजू पाहावी लागते (हे काम परवानाधारक जाणकाराकडूनच करून घ्यावे). बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. लंडनचे त्याहून जुने. तेथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा अधिक भाराचा बार उडवून, ती टिकल्यास तिच्यावर छाप उमटविला जाई. ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे आढळली तर नळी साधारणतः १८७५ ते १८८७ या काळातील समजावी. हिऱ्याच्या आकृतीतील ‘१२’ व ‘सी’ हा छाप १८८७ नंतरचा. सहकाऱ्यांच्या बंदुकीवर हा दुसरा छाप आहे. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास त्यांतील एका गोळीच्या व्यासाएवढी नळी, अर्थात सुमारे १८.५ मिलिमीटर.

आता नक्षीकडे वळू. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तप्त अवस्थेत गजाभोवती गुंडाळून व ठोकून घडविलेल्या नळीवर जे लहरीदार चित्र उमटते, ते कोरलेले नसते. ते धातूच्या अंगातलेच असते आणि मुद्दाम चढविलेल्या तपकिरी गंजामुळे दृग्गोचर होते. वेलबुट्टी मात्र छिन्नीने कोरलेली. कोरल्यानंतर ते भाग हाडांच्या कोळशात भाजून कठीण केले जात, आणि त्यामुळे पृष्ठभागावर निळ्या-पिवळ्या-तपकिरी छटा येत. या छटा अत्यंत नाजूक असतात. प्रकाशाने आणि हाताळण्याने त्या नाहीशा होतात, विशेषतः बोटे जेथे वारंवार लागतात तेथे. म्हणूनच जाणकार प्रथम खाचाखोचा पाहतात : झाकलेल्या कोपऱ्यात रंग शिल्लक आहे काय, वेलीच्या रेषांच्या कडा बोटाला लागतात काय, स्क्रूच्या खाचा अभंग आहेत काय. लखलखीत बंदूक पाहून सामान्य माणूस सुखावतो. जाणकार साशंक होतो. कारण घासून आणलेल्या चकाकीबरोबर रेषांच्या कडा जातात, नळीवरील चित्र जाते, क्वचित छापही पुसट होतो. सहकाऱ्यांच्या वडिलांनी दर दसऱ्याला पॉलिश पेपरने बंदूक घासली होती. भक्तिभाव वादातीत, परिणाम मात्र व्हायचा तो झाला.

मुंबईची हवा हा दुसरा शत्रू. काळ्या दारूची राख पाणी शोषून घेते. चामड्याच्या म्यानात ठेवलेली नळी पावसाळ्यात ओलावा धरून बसते. चामड्यातील आम्लही तिला बाधते. अक्रोडाचा दस्ता फुगतो व आकसतो, आणि धातूच्या सांध्याजवळ त्यास चीर पडते.

कायद्यातील अवस्था : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या अथवा नादुरुस्त शस्त्रास सूट आहे, परंतु ते दुरुस्तीविना किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. ‘दुरुस्ती करूनही’ या दोन शब्दांत खरा पेच आहे. पुरातन वस्तूवर केलेला कोणताही उपचार पुन्हा उलटविता यावा, हे संग्रहालयशास्त्राचे तत्त्व. तर येथे अपेक्षा नेमकी न उलटणाऱ्या हानीची. नुसती आघातसुई काढून भागत नाही, ती पुन्हा बसविता येते. मग नळीला भोक पाडणे, वेल्डिंगने ती बुजविणे असे मार्ग सुचविले जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने पिळाचे सांधे व नळ्यांमधील डाखकाम दोन्ही बिघडते. संग्रहालयाच्या दृष्टीने जी अवस्था अत्युत्तम, तीच कायद्याच्या दृष्टीने सर्वाधिक अडचणीची!

डिसेंबर २०१९ च्या सुधारणेने सर्वसाधारण व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि जादा शस्त्र जमा करण्यास एक वर्षाची मुदत दिली. सार्वजनिक सुरक्षिततेचा हेतू रास्तच आहे. तथापि जमा करावयाचे शस्त्र निवडताना अनेक घरांत सर्वांत जुने, ‘निरुपयोगी’ शस्त्र प्रथम बाहेर काढले जाण्याचा संभव असतो.

कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे काचेआड पाहता येतात. तेथील मांडणीत वेलबुट्टी दिसते. नळीखालचे छाप स्वाभाविकच दिसत नाहीत. सहकाऱ्यांनी त्या छापांची छायाचित्रे काढून ठेवावीत, बंदूक चामड्याबाहेर कोरड्या सुती कापडावर ठेवावी, धातूला तेलाचा पातळ हात द्यावा आणि पॉलिश पेपर कायमचा दूर करावा, असे प्रस्तुत लेखकाने सुचविले. परवान्याचा त्रास नको म्हणून नळीला भोक पाडून घ्यावे, असा त्यांच्या मुलाचा आग्रह आहे. परवान्याच्या नूतनीकरणास अजून चार महिने आहेत.